जिकडे चाक, तिकडे बोट

आमचे काका हातात घेतलेलं काम कधी अर्धवट सोडत नसत. ते पूर्ण करत. बरोबर करत, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, अगदी खुद्द काकासुद्धा.

त्यांच्या घरी आलेला नवखा माणूस लगेच ओळखू यायचा. न्हाणीघरातून किंकाळी आली की समजायचं, पाहुण्याने निळ्या खुणेचा नळ सोडला. काकांनी नळ बदलले तेव्हापासून निळ्यातून कढत पाणी यायचं आणि लालमधून गार. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण खाली दाबलं की दिवा जायचा. कपाटाचं दार भिंतीकडे उघडायचं, त्यामुळे काकू फटीतून हात घालून चाचपत वस्तू बाहेर काढायची. एकदा साखर म्हणून तिने धुण्याची पूड काढली आणि चहात घालण्याआधी वास आला म्हणून आम्ही सगळे वाचलो. “घरच्यांना माहीत आहे ना? मग झालं,” एवढंच काकांचं म्हणणं. घरच्यांना माहीत होतं, हे खरं. आम्हाला सवय झाली होती. इतकी, की बाहेरच्या जगातले सरळ नळ सोडताना मी अजूनही क्षणभर थबकते.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात केली. काम म्हणजे एका तबकडीवरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तोवर काही करायचं नाही. लाल पट्ट्यात गेला की वरच्या साहेबांना फोन करायचा. “सबंध नोकरीत मी दोनच गोष्टी केल्या,” काका सांगत, “बघितलं आणि फोन केला. अख्खं गाव माझ्या भरवशावर पाणी प्यायलं. मी कशाला हात लावला नाही, म्हणूनच ते नीट पोचलं.”

दिवसभर कशाला हात न लावता बसलेला माणूस घरी आल्यावर सगळ्यालाच हात लावणार, हे ओघाने आलंच. नळ, बटणं आणि कपाट संपल्यावर त्यांनी एक जुनी लाकडी बोट घेतली.

बोट वयाने काकांपेक्षा मोठी होती. रंग हिरवा, पण पोपडे निघालेल्या जागी आधीच्या मालकांचे निळे, पांढरे, तांबडे रंग डोकावायचे. मध्ये छोटं डिझेल इंजिन, मागे बसायला एक फळी. पुढे उभं राहून फिरवायचं चाक, चाकामागे लोखंडी रीळ आणि रिळावर गुंडाळलेली तार. तारेची दोन टोकं बोटीच्या दोन्ही कडांनी कप्प्यांवरून मागे जायची आणि पाण्यातल्या सुकाणूला दोन बाजूंनी धरायची. चाक फिरवलं की एका बाजूची तार ओढली जायची, दुसरीकडची सैल पडायची, सुकाणू वळायचं आणि त्याच्यापाठोपाठ बोट. एवढाच सगळा प्रकार. काकू तिला बोट म्हणत नसे. ‘तुमची ती’ म्हणायची. “तुमची ती आज धुतली का? गेल्या वर्षी माझं आजारपण होतं तेव्हा एवढी उठबस केली नव्हतीत.”

एका बाबतीत मात्र ही बोट जगावेगळी होती. ती डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवावं लागायचं.

घेतली त्याच वर्षी काकूने हे हेरलं होतं. “अहो, तुम्ही चाक इकडे फिरवता आणि आपण तिकडे कसे जातो?” काकांनी शेजारून जाणाऱ्या मासेवाल्याच्या होडीकडे बोट दाखवलं. “त्याच्याकडे बघ. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते की नाही? पाण्यात असंच असतं.” होडी खरोखरच उजवीकडे गेली. काकू म्हणाली, “असेल.” आणि त्यानंतर ती कायम मागच्या फळीवर, काकांकडे पाठ करून, मागे पडणाऱ्या काठाकडे बघत बसू लागली.

मलाही बोट चालवायला काकांनीच शिकवलं. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचे, पालथ्या बादलीवर उभी राहायचे आणि उजवीकडे फिरवून डावीकडे जायचे. पाण्यात असंच असतं, हे माझ्या मनात पक्कं झालं. नुसतं मनात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी पुढे साहित्य घेऊन पदव्युत्तर शिक्षण केलं आणि ते लिहून काढलं. ‘पाण्यावर डावीकडे जायचं तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं, कवितेचंही तसंच आहे.’ सरांनी समासात लाल शाईने ‘वा!’ असं लिहिलं. मग मी थांबते कशाला! ते वाक्य मी आणखी दोन निबंधांत घातलं आणि एका चर्चासत्रात तर डोळे किंचित मिटून म्हटलं.

काकांच्या बोटीची शान गेली ती गेल्या वर्षी, भर पाण्यात.

काकूची थोरली बहीण नदीच्या पलीकडच्या काठावर राहते. पाण्यावरून अगदी समोर, धक्क्यावरून तिच्या घराची खिडकी दिसते. काका-काकू तिच्याकडे निघाले होते. काका चाक फिरवत होते, वारा बरा होता, आणि मधोमध पोचल्यावर चाकाचा तुंबा, म्हणजे ज्यात आरे बसतात तो मधला गोळा, तडकला. तुंबा चाकामागच्या दांड्यावरच राहिला आणि बाकीचं सगळं चाक अलगद काकांच्या हातात आलं.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. काकांना वाटलं, काकू घाबरेल. म्हणून ते काही न झाल्यासारखं हातातलं चाक हवेतच फिरवत राहिले. मोठ्या ऐटीत, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. बोट आपल्या मनाने लव्हाळ्याकडे निघाली. काठ भलत्याच बाजूने मागे पडतोय हे बघून काकूने मान वळवली.

“अहो, ते निघालंय.”

“काय निघालंय?”

“चाक. हातात आहे तुमच्या.”

“असू दे. वारा अनुकूल आहे.”

वाऱ्याने त्यांना लव्हाळ्यात नेऊन रुतवलं. मासेवाल्याने दोरी बांधून त्यांना ओढत आणलं, तेव्हा धक्क्यावर बघ्यांची रांग लागली होती. काकू उतरली, पिशवी काखेला मारली आणि काकांना एकच प्रश्न विचारला. “इतकी वर्षं तुम्ही सगळं असंच चालवलंत का? हातातलं हातात, आणि आम्हाला वाटायचं चाललंय?”

काकांनी हातातलं चाक खाली ठेवलं. काकू पुन्हा बोटीत बसली नाही.

एरवी हे रुसणं-फुगणं म्हणून खपून गेलं असतं. पण त्यानंतर थोरली बहीण घरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. काकू एका दिवसाआड तिच्याकडे जायची. रस्त्याने. पूल पार वरच्या अंगाला. म्हणजे एक बस पुलापर्यंत, दुसरी पुलावरून, आणि मग चढण पायी. समोर दिसणाऱ्या खिडकीत पोचायला तिला अर्धा दिवस लागायचा. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे. काका गरम पाण्याची बादली आणून तिच्या पायांशी ठेवायचे, निळ्या नळाची, आणि समोर बसायचे. दोघांनाही ठाऊक होतं की बोट धक्क्याला बांधून पडलेली आहे.

अशात मी तिथे जाऊन टपकले. प्रबंध लिहायला शांतता हवी, असं मी घरी सांगितलं होतं. विषय होता ‘कवितेतील पाणी’. मला पोहता येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. काकांनी माझी वहीबिही बघितली, आणि हळूच म्हणाले, “विदुषी, तुला काही काम नसेल तर जरा पाना धरशील का?”

“काम आहे हो काका. प्रबंध आहे.”

“तेच म्हटलं मी. काम नसेल तर.”

काकांनी नवं चाक मिळवलं होतं. नवं म्हणजे त्यांच्यासाठी नवं. धक्क्यामागे जुन्या बोटी मोडणारा एक भंगारवाला होता. कुठल्याही लोखंडाशेजारून तो रिकाम्या हाताने जात नसे म्हणून सगळे त्याला चुंबक म्हणत. त्याने एका मोडीत निघालेल्या लाँचचं चाक काढून दिलं. सहा आरे, गुळगुळीत लाकडी घेर, आणि मागे रीळ तुंब्यासह एकाच ओतकामाचं, भक्कम. चाक ओढून काढायचा पुलरही त्याने दिला आणि बजावलं, “काका, नट पूर्ण काढायचा नाही. एक-दोन आटे अडकवून ठेवायचे. गंजलेला तुंबा सुटतो तेव्हा गोळीसारखा सुटतो.”

“मला सांगतोस?” काका म्हणाले.

“तुम्हालाच सांगतोय.”

आम्ही सकाळी कामाला लागलो. काकूने घरातून निघताना विचारलं नाही की कुठे चाललात. तिने फक्त डबा दोन माणसांचा भरला होता.

“तार सोडायच्या आधी फोटो काढून ठेव,” काकांनी मला सांगितलं. “कशी गुंडाळली आहे ते दिसलं पाहिजे. नंतर तशीच गुंडाळायची आहे.” मी फोटो काढले. पुष्कळ काढले. तडकलेल्या तुंब्यावर गंजाचे तांबूस थर चढले होते, त्यावर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. रॉकेलचा एक थेंब दांड्यावरून ओघळताना त्यात इंद्रधनुष्य दिसत होतं, तेही टिपलं. रंगाचा एक पोपडा जुन्या नकाशासारखा दिसत होता, त्याचे तर चार कोन घेतले. मग तार सोडली, गुंडाळून बाजूला ठेवली.

तुंबा रॉकेलमध्ये भिजवला, हातोडीने कडेकडेने ठोकला, पुन्हा भिजवला. काकांनी मला आटे अडकवून ठेवायचं कारण फार छान समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून. आणि समजावता समजावता नट पूर्ण काढून खिशात घातला. पुलर लावला, पान्याने आवळत गेले. तुंबा हलेना. “आण जोर,” मी म्हटलं. त्यांनी जोर आणला. तुंबा गोळीसारखा सुटला, काकांच्या पोटावर बसला आणि काका बोटीच्या तळाशी बसले.

मी हातातली हातोडी टाकून वाकले.

“काका?”

“चाक पुन्हा हातात आलं बघ,” काका म्हणाले. “ओढ आहे त्याला माझी.”

त्यांची कंबर धरली होती. त्यांना कसंबसं वर काढून मी धक्क्याच्या फळ्यांवर उताणं झोपवलं. पुढचं सगळं काम काका आकाशाकडे बघत सांगत होते आणि मी बोटीत करत होते. दांडा घासला, ग्रीस लावलं, नवं चाक सरकवलं. ते बसलं. लोखंडावर लोखंड असं गच्च, समजूतदारपणे बसताना जो मऊ आवाज येतो तो मी प्रथमच ऐकला. नवा नट आवळला. मग तार हातात घेतली.

“आता आधी होती तशीच गुंडाळ,” वरून आवाज आला. “फोटो बघ.”

मी फोटो बघितले. गंज होता. इंद्रधनुष्य होतं. नकाशा होता. तार कुठल्या बाजूने वर येते हे एकाही फोटोत नव्हतं. एकात ती होती, पण मी पार्श्वभूमी धूसर ठेवली होती.

हे काकांना सांगायचा धीर मला झाला नाही. तेवढ्यात नव्या रिळाच्या कडेवर ओतीव बाण दिसला. तारेचं कुठलं टोक डावीकडे न्यायचं, कुठलं उजवीकडे, स्पष्ट. मी बाणाप्रमाणे तार गुंडाळली, टोकं कप्प्यांवरून मागे नेली, सुकाणूला घट्ट केली. हातांना काळं लागलं होतं, नखं तुटली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी केलेली एखादी गोष्ट कुणाच्या मताविना आपोआप बरोबर किंवा चूक ठरणार होती. या विचाराने मला भरून आलं. मी तो विचार वहीत लिहूनही ठेवला. ग्रीसचा डाग अजून आहे त्या पानावर.

“फिरवून बघ,” काका म्हणाले. “सुकाणू हलतंय?”

मी चाक फिरवलं, मागे वाकून पाहिलं. “हलतंय!”

“मग झालं!”

कुठल्या बाजूला हलतंय, हे त्यांनी विचारलं नाही. मी बघितलं नाही. सुकाणू हलत होतं आणि आम्ही दोघं कृतार्थ होतो.

काकांची कंबर ताळ्यावर आली तशी त्यांनी एका सकाळी काकूला विचारलं. ती बसने निघायच्या तयारीत होती. बहिणीसाठी चादरी आणि डबा पिशवीत भरत होती.

“चाक बसवलंय.”

“ऐकलं. तुंबापण कुठे कुठे बसला तेही ऐकलं.”

“एकदा बघ तरी.”

काकूने पिशवीची गाठ मारली. “तुम्ही दोघं जा. पाण्यातल्या त्या समोरच्या खांबाला वळसा घालून सरळ धक्क्याला या. मी इथून बघते. नीट आलात तर बसते. नाही तर बस आहेच, आणि यापुढे मला विचारायचं नाही.”

शेवटचं वाक्य तिने रागाने म्हटलं नव्हतं, म्हणूनच काकांचा चेहरा उतरला. त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. खांबाला वळसा घालायला इतकं नटून निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धक्क्यावर चुंबक होता, मासेवाला होता, आणि काम नसलेले बाकीचे सगळे होते. काकू पिशवी पायांशी ठेवून उभी राहिली. मी दोरी सोडली, काकांनी इंजिन लावलं आणि बोट धक्क्यापासून बाहेर काढण्यासाठी, नेहमीच्या सवयीने, चाक धक्क्याकडे फिरवलं.

बोट वळून धक्क्यावर आदळली.

“वारा आहे,” काका म्हणाले. पानही हलत नव्हतं.

त्यांनी चाक आणखी धक्क्याकडे फिरवलं. बोट धक्क्याला खेटून, लोंबत्या टायरांवर अंग घासत, म्हैस भिंतीला पाठ घासते तशी पुढे निघाली. धक्का संपला तेव्हा ती आपसूक मोकळी झाली आणि आम्हाला वाटलं, जमलं. मग खांब आला. काकांनी खांब टाळण्यासाठी चाक फिरवलं आणि बोट थेट खांबाकडे निघाली, जणू जुनी ओळख निघाली होती.

“काका, खांब!”

“दिसतोय! टाळतोय!”

“टाळू नका!” मी ओरडले. काय बोलतेय हे मलाही कळत नव्हतं. खांब कडेला घासून गेला, हिरव्या रंगाची एक सालपट घेऊन. “द्या इकडे,” म्हणत मी चाक हिसकावलं. बालपणापासून हेच तर येत होतं मला. लव्हाळं उजवीकडे होतं, म्हणून बोट डावीकडे नेण्यासाठी मी चाक उजवीकडे फिरवलं, पूर्ण आत्मविश्वासाने. लव्हाळं धावत आल्यासारखं समोर आलं आणि आम्ही त्यात शिरलो. ते गेल्या वर्षीचंच लव्हाळं होतं. बोटीच्या आकाराची पोकळी अजून तशीच होती.

इंजिन बंद पडलं. बेडूक ओरडू लागले. काका आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग दोघांनीही एकदमच वळून चाकाकडे बघितलं. त्यांनी हात लांबवून ते जरासं डावीकडे फिरवलं आणि मागे पाहिलं. सुकाणू डावीकडे वळलं.

“तू तार कशी गुंडाळलीस?”

“बाणाप्रमाणे.”

काकांनी डोळे मिटले. “अरेरे,” ते हळूच म्हणाले. “बरोबर गुंडाळलीस की गं.”

बांबूने ढोसत, चिखल उडवत आम्ही काठाकाठाने धक्क्याला आलो. इस्त्रीच्या शर्टाकडे बघवत नव्हतं. लोकांचं हसून हसून झालं होतं. आता ते आदराने गप्प होते. काकूने पिशवी उचलली होती. बसची वेळ होत आली होती.

“काय झालं?” तिने विचारलं.

काका धक्क्यावर चढले. चुंबक समोरच होता. “अरे चुंबक, तू दिलेलं हे रीळ...” त्यांनी सुरुवात केली. चुंबकाच्या भुवया वर गेल्या. काकू काकांकडे बघत होती. नुसती बघत होती, गेल्या वर्षी उतरताना बघितलं होतं तशी. काका मध्येच थांबले.

“रीळ चांगलं आहे,” ते म्हणाले. “हिने तारही बरोबर घातली. चूक माझी. बोट घेतली तेव्हा पहिल्याच महिन्यात तार तुटली होती. ती मी बदलली. उलटी घातली गेली. पहिल्या फेरीलाच कळलं मला. पण धक्क्यावर सगळे बघत होते, आणि सगळं सोडून पुन्हा गुंडाळायचं जिवावर आलं. म्हटलं, कोणाला कळतंय.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

“तुम्ही होडीचा दांडा दाखवलात मला.”

“दाखवला. पाण्यात असंच असतं म्हणालो. मग इतक्या वेळा म्हटलं, की पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं.”

बाजूला उभ्या असलेल्या माझ्या मनात लाल शाईतला तो ‘वा!’ बुडबुडे सोडत तळाला गेला. चर्चासत्रातले मिटलेले डोळे आठवले. नको होतं तेव्हाच सगळं आठवतं.

“आणि नळ?” काकूने विचारलं.

“नळाचंही तसंच.”

“दिव्याचं बटण?”

“तेही.”

“कपाटाचं दार?”

“ते, काय आहे, भिंतच जरा चुकीच्या...” काकांनी तिच्याकडे पाहिलं. “दारही मीच उलटं लावलं.”

मासेवाला एवढ्या जोरात हसला की त्याच्या होडीवरचा बगळा उडाला. काकू हसली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, दुसऱ्या बाजूची तार ओढली गेल्यावर पहिली होते तसं. तिने वाकून बोटीत पाहिलं.

“म्हणजे आता चाक जिकडे फिरवलं तिकडे बोट जाते?”

“हो.”

“मग अडचण काय आहे?”

“तीच तर अडचण आहे! मला नाही चालवता येत तशी. हिलाही येत नाही, हिला मीच शिकवलंय. संध्याकाळपर्यंत सगळं सोडून पुन्हा उलटं करून ठेवतो. तू आज बसने जा, उद्या...”

“काही उलटं करायचं नाही,” काकू म्हणाली. “घरात एक वस्तू सरळ लागलीय, ती तशीच राहू दे.” तिने पिशवी माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या आणि बोटीत पाय ठेवला. “सरका.”

“अगं, पण तू कधी...”

“नाही ना कधी? मग बरंच आहे. मला विसरायचं काही नाही.”

तिने चाक दोन्ही हातांनी धरलं, जरा उजवीकडे, जरा डावीकडे करून बघितलं. नंतर अंदाज घेत धक्क्यासमोर एक छोटी चक्कर मारली, तोंड घट्ट मिटून. दुसरी मारताना ओठ जरा सुटले. मग बोटीचं नाक तिने पलीकडच्या खिडकीकडे धरलं. काका इंजिनाशी बसले, ‘हळू’ म्हटलं की हळू करायला. मी मागच्या फळीवर बसले, तोंड मात्र पुढे करून. बोट सरळ चालली होती. तिला सरळ जाताना मी अनेकदा पाहिलं होतं. पण सरळ जायला कुणाला काही उलटं करावं लागत नाहीये, असं प्रथमच.

“थोडं डावीकडे घे,” काका म्हणाले. “म्हणजे उजवीकडे फिर... नाही, डावीकडेच. नाही का?”

“तुम्ही बोलू नका.”

काका गप्प बसले. पण लव्हाळं जवळून गेलं तेव्हा मला दिसलं, मांडीवर ठेवलेले त्यांचे दोन्ही हात आपोआप वळत होते, उलट्या बाजूला. तेच त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी हात उचलले आणि मांड्यांखाली दाबून ठेवले.

“काका, भीती वाटतेय?” मी वाकून विचारलं.

काकूच्या पाठीकडे, आणि पाठीपलीकडे हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या खिडकीकडे, ते बघत होते. पंपघरात अशीच नजर लावून ते उभी हयात बसले असतील.

“छे गं,” ते म्हणाले. “काटा हिरव्यात आहे.”

पलीकडचा धक्का काकूने जरा जोरातच गाठला. टायर किंचाळलं. तिने इंजिन बंद करायला सांगितलं, दोरी उचलून काकांच्या अंगावर टाकली, माझ्याकडून पिशवी घेतली आणि उतरली. चार पावलं गेल्यावर वळली.

“बांधून घ्या तेवढी. आणि अहो, मी येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका.”

काका दोरी हातात धरून उभे होते. गाठ मारण्याआधी त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “विदुषी, ही कुठल्या बाजूने?”